बेटाला वळसा

लमरियाला माहेरी परत पोचवायचं एकदा ठरल्यावर प्रश्न उरला तो एवढाच, की न्यायचं कसं. खरं तर त्यातही प्रश्न पडावा असं काही नव्हतं. सामोसिर बेटाच्या पलीकडच्या अंगाला जायचं तर शुक्रवारी सकाळी बाजाराची नाव निघते आणि दोन तासांत ओनान रुंगूच्या धक्क्याला लागते. तिच्या नवऱ्याचे, मारोलोपचे, दोन्ही काका नावेनेच जाणार होते. शिजवलेलं डुक्कर, तांदळाची पाटी आणि लमरियाची पत्र्याची पेटी त्यांच्याबरोबर जायची होती. पण गुरुवारी संध्याकाळी जेवताना मारोलोप ताटातल्या मासळीकडे बघत म्हणाला, "आम्ही गाडीवरनं येतो. उत्तरेकडनं."

थोरल्या काकांचा घास हातातच राहिला. "उत्तरेकडनं? म्हणजे अख्ख्या बेटाला वळसा घालून? अरे, त्या रस्त्यानं म्हैससुद्धा जायला कुरकुरते."

"जाईल गाडी."

"दिवस मोडेल."

"मोडू दे," मारोलोप म्हणाला.

एरवी आई किंवा काका बोलले की हा माणूस मान खाली घालायचा. त्या दिवशीही मान खालीच होती, पण शब्द मागे घेतला नाही. चुलीपाशी बसलेल्या लमरियाने ते ऐकलं आणि तिचा हात चिमट्यावर थबकला. लग्न झालं त्या वर्षी, तळ्याच्या काठी कांदे धुताना, मारोलोपच तिला म्हणाला होता, "इतो, एक गाडी घेऊ आणि बेटाला पुरती चक्कर मारू. माझं गाव, तुझं गाव, आणि मधलं सगळं." इतो हे त्यांचं लग्नाच्या आधीपासूनचं एकमेकांना हाक मारायचं नाव. मूल झालं की नवरा-बायकोची नावं बदलतात, बाई अमक्याची आई होते, बाप अमक्याचा बाप. यांचं इतो एकोणीस वर्षं तसंच राहिलं. गाडीही घेतली होती, अकराव्या वर्षी, जुनी, लाल रंगाची मोटारसायकल. तिच्यावरून कांदे गेले, रॉकेल आलं, सासूला दवाखान्यात नेलं, नणंदांची पोरं शाळेत पोचवली. चक्कर मात्र राहून गेली.

ठरलं होतं ते फेब्रुवारीत. मारोलोप पाच बहिणींच्या पाठचा एकुलता एक मुलगा. सासूचं म्हणणं साधं होतं: माझ्या नवऱ्याचं नाव या पोराच्या पुढे गेलं पाहिजे, आणि माझ्या भावाची मुलगी रुस्ती चोवीस वर्षांची होऊन घरी बसलीय. बैठकीला चर्चचे पाद्री आले. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये म्हणाले. धाकटे काका म्हणाले, "पाद्रीबाबा, तुम्हाला तीन मुलगे आहेत. तुम्हाला देव बरा समजतो." मग कोणीतरी तोडगा काढला, की थोरली राहू दे, धाकटी येऊ दे, दोघी नांदतील.

तेव्हा लमरिया पहिल्यांदा बोलली. "दोघींतली एक होऊन मी राहणार नाही. जिथून आणलंत तिथे नेऊन सोडा. रीतीनं न्या, तांदूळ घेऊन. पळवून आणलेली नव्हते मी."

एवढं बोलून ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो चटईची काडी उचकटत होता.

*

शुक्रवारी उजाडता उजाडता ते निघाले. सासूने फडक्यात तिपा-तिपा बांधून दिले, कोवळ्या भाताचे कांडलेले पोहे, आणि लमरियाचा दंड घट्ट धरला.

"माझं मन वाईट नाही गं."

"ठाऊक आहे, इनांग."

"तू काम चुकवलं नाहीस कधी. मी सगळ्यांना सांगते."

"सांगा," लमरिया म्हणाली. हात सोडवून घेताना तिच्या लक्षात आलं, म्हातारी रडतेय आणि तिला स्वतःला रडू येत नाहीये. रडणारी माणसंच आपल्याला घालवतायत याचं तिला हसूच आलं असतं, पण तेही आलं नाही.

"पाय दोन्हीकडे टाकून बस," मारोलोप म्हणाला. "रस्ता खराब आहे पुढे."

एकोणीस वर्षं ती त्याच्या मागे एका अंगाला पाय सोडून बसली होती. आता तिने लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पुरुषासारखी बसली. चौकात दोन म्हाताऱ्यांनी तोंडात पान धरूनच माना वळवल्या. बघू देत, असं तिला वाटलं. आज काय ते बघून घेऊ देत.

उत्तरेचा रस्ता बरा होता. डाव्या हाताला भाताची खाचरं, खाचरांत मधेच सिमेंटची पांढरी थडगी, घरासारखी कौलं चढवलेली; उजव्या हाताला तळं. पलीकडचे कडे सकाळच्या धुक्यात अर्धेच दिसत होते. शाळेत गुरुजी सांगायचे, हे तळं नव्हे, फुटलेल्या डोंगराचं तोंड आहे. कधीकाळी डोंगर आतून फुटला, आकाश काळं झालं, सगळं जळून गेलं, मग त्या खड्ड्यात पाणी साठलं आणि मधून हे बेट वर आलं. लहानपणी लमरियाला रात्री भीती वाटायची, की खाली अजून विस्तव असेल. आई म्हणायची, असला तर असू दे, आपल्याला भात शिजवायला लागतोच.

सिमानिंदो मागे पडलं तशी माणसं कमी झाली आणि वारा वाढला. एका वळणावर डुकरीण आणि तिची नऊ पिल्लं रस्त्यात आडवी आली. मारोलोपने ब्रेक दाबला, गाडी मातीत घसरत गेली आणि दोघं आडवे न पडता कसेबसे थांबले. डुकरीण हलायला तयार नव्हती.

"हॉर्न वाजव."

"वाजवला की. ऐकते कुठे? अगदी माझ्या थोरल्या बहिणीसारखी आहे."

लमरिया खदखदून हसली. तोही हसला. हसताना त्याची पाठ तिच्या छातीला लागून हलत होती, आणि त्या एका क्षणाला ती कुठे चाललीय हे ती खरोखरच विसरली. आठवलं तेव्हा हसू तोंडातच मावळलं. तिने हात त्याच्या कमरेवरून काढून मागच्या दांडीला धरले.

पुढे पश्चिम किनाऱ्याने वाट धुळीची झाली. दहाच्या सुमाराला पांगुरुरान आलं, जिथे बेट मुख्य जमिनीला अगदी टेकायला येतं. समोर पुसुक बुहित उभा होता, त्यांच्या साऱ्या कुळांचा पहिला पूर्वज जिथे उतरला तो डोंगर. त्याच्या कुशीत गंधकाचे पांढरे-पिवळे ओघळ दिसत होते. पूल ओलांडून ते गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत गेले. तिथल्या दगडावर बसून, पाय पाण्यात सोडून त्यांनी पोहे खाल्ले.

"भाजतंय," ती म्हणाली.

"हळूहळू सोसतं."

"तुझं सगळं हळूहळू सोसतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे. लमरियाने मनाशी ठरवलं होतं, की आज दिवसभर आपण वाट बघायची. विचारायचं नाही. या माणसाला लोकांत बोलता येत नाही, पण आज लोक नाहीत. वळसा घालायचं त्यानेच काढलं, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असलं पाहिजे. बेटाचा घेर मोठा आहे. कुठल्यातरी वळणावर तो गाडी थांबवेल आणि म्हणेल, चल, घरी जाऊ. ते एक वाक्य. एवढ्या लांबच्या रस्त्यात एक वाक्य मावायला हरकत नव्हती.

"आता किनाऱ्यानंच खाली जायचं ना?" तिने विचारलं.

"वर जाऊ. माळावरनं." तो थांबला. "तुला ते वरचं तळं बघायचं होतं ना, सिदिहोनी? बेटावरचं तळं. तू मागे म्हणाली होतीस."

"मी कधी म्हणाले?"

"लग्नाच्या आधी."

*

चढावर मागचं चाक बसलं. दगडाने टायर कापला होता. दोघांनी गाडी ढकलत मैलभर वर आणली तेव्हा पाइनच्या झाडांत एक लापो दिसला. चार बाकडी, कॉफीची किटली, फळीवर भुईमुगाच्या पुड्या. मालकीणबाई जाड, ओठ पानाने लाल, आवाज कोंबड्याला लाजवील असा. तिचा नवरा चाक काढायला बसला. बाईने आधी कुळं विचारून घेतली, सिदाउरुक आणि हारियांजा, मग आपल्या माहेरच्या कोणाच्या तरी मावशीशी नातं जुळवून मोकळी झाली, आणि मग विचारायचंच ते विचारलं.

"लेकरं किती?"

हा प्रश्न लमरियाच्या अंगवळणी पडला होता. एकोणीस वर्षांत लग्नात, बाजारात, नावेत, चर्चच्या पायरीवर हजार वेळा आला असेल. तिचं उत्तरही ठरलेलं होतं, देवाने अजून दिलं नाही. ती तोंड उघडणार तेवढ्यात मारोलोप बोलला.

"तीन."

लमरियाने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"वा! मुलगे?"

"थोरला मुलगा. पोल्ताक. पंधराचा आहे. मग दोन मुली, दुमा आणि रिस्मा."

तो काही अडखळला नाही. जसं कोणी घराचा पत्ता सांगावा तसं सांगत होता.

"पंधराचा म्हणजे हाताशी आला की!"

"आलाय. कांद्याचं पोतं एकटा उचलतो. अभ्यासात मात्र यथातथाच."

"अभ्यासाला काय चुलीत घालायचंय?" बाई म्हणाली. "आणि मुली?"

तो आता थांबला. बहुधा तिथवरच त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं. लमरियाने त्याच्याकडे पाहिलं, त्याचे कान लाल झाले होते. मग तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले ते तिलाही नवे होते.

"दुमा शहाणी आहे," ती म्हणाली. "धाकटी फार हट्टी. आजीनं लाडावून ठेवलीय. वेणी घालायला बसवलं की अख्खं गाव गोळा करते."

"धाकटी तशीच असायची! माझी तियार बघा ना..." बाई सांगत राहिली. लमरिया माना डोलवत राहिली, मधेच हसली, रिस्माने मास्तरांच्या छत्रीत बेडूक ठेवला त्याची गोष्टही सांगितली. मारोलोप ऐकत होता, आणि बेडकाच्या गोष्टीला तो असा हसला जणू त्याने ती छत्री उघडताना पाहिली होती.

"पोल्ताकची आई," मालकीणबाई किटली घेऊन आली, "अजून थोडी घे."

लमरियाला कळायला वेळ लागला, की ही हाक आपल्याला आहे. गावात तिच्या वयाच्या सगळ्या बायका कोणाच्या ना कोणाच्या आई होत्या. ती एकटी अजून लमरिया होती.

"दे," ती म्हणाली.

पंधरा. तिने मनात हिशेब केला होता, पण तो करायची गरजच नव्हती. लग्नाच्या चौथ्या वर्षी, दिवस भरायच्या आधी, सातव्याच महिन्यात, तिला मुलगा झाला होता. तो रडला नाही. सुईणीने फडक्यात गुंडाळून मारोलोपच्या हातात दिला, तो घेऊन बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. त्या पोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून त्याला थडगं नाही, नाव नाही. घरात त्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. मारोलोप तर कधीच नाही.

चाक बसवून झालं. बाईने भुईमुगाची एक पुडी लमरियाच्या पिशवीत कोंबली. "पोरांना," म्हणाली.

*

सिदिहोनीचं तळं लमरियाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लहान निघालं. वाळलेल्या गवताच्या माळात एक वाटोळं पाणी, त्यात चार म्हशी नाकापर्यंत बुडून बसलेल्या. काठाने जरा हिरवं. बस्स. या पाण्याच्या खाली बेट, बेटाच्या भोवती मोठं तळं, हे इथून दिसतही नव्हतं.

"एवढंसंच आहे," मारोलोप ओशाळून म्हणाला, जणू ते त्यानेच खणलं होतं.

"छान आहे."

ते गवतात बसले. मग तिने विचारलं, "पोल्ताक का?"

त्याने गवताची काडी तोडली. "पौर्णिमा होती. चंद्र नुकता वर आला होता. मला दिवा घ्यावा लागला नाही खणताना. पौर्णिमेच्या पोराला पोल्ताकच म्हणतात ना."

"तेव्हाच ठेवलंस?"

"तसंच मातीत कसं ठेवू? काहीतरी म्हणायला पाहिजे होतं."

"पंधरा वर्षं मला सांगितलं नाहीस."

"तू रडली असतीस."

"मी रडतच होते रे," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, मी गप्प आहे म्हणजे विसरले? मी त्याला नुसतं 'तो' म्हणायचे मनात. तो असता तर आज शाळेत गेला असता. तो असता तर. पंधरा वर्षं बिननावाचं पोर वागवलंय मी, आणि नाव तुझ्या खिशात होतं?"

मारोलोपने दोन्ही तळवे तोंडावर घेतले. त्याचे खांदे हलू लागले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण आज जर तिने त्याला उगी केलं असतं तर मग तिला कोणी केलं असतं?

तो शांत झाल्यावर तिने, विचारायचं नाही असं ठरवलेलं होतं तेच विचारलं.

"एक सांग, इतो. हिला ठेवायची आहे मला, असं तू त्यांना म्हणालास का? एकदा तरी?"

"म्हणालो."

ती त्याच्याकडे वळली. "कधी?"

त्याने आणखी एक काडी तोडली. मग म्हणाला, "मनात."

एक म्हैस पाण्यातून उठली, अंगावरचं पाणी झटकलं आणि सावकाश काठावर आली. लमरियाला राग यायला हवा होता. सकाळपासून ती जी वाट बघत होती ती इथे संपली, आणि संपल्यावर राग नाही, एक मोठा थकवा आला. हा माणूस तिच्यावर प्रेम करत होता, यात तिला आता काही शंका उरली नव्हती. सकाळी होती, आता नव्हती. आणि त्याचा उपयोग मात्र काही नव्हता.

"चल," ती उठली आणि लुंगीवरचं गवत झटकलं. "काका खोळंबलेत."

"जरा बसू अजून."

"कशाला?"

तो उठला, गाडीपाशी गेला. त्याने किक मारली.

*

माळावरून दक्षिणेला उतरायची वाट म्हणजे नुसते धोंडे. दोनदा तिला उतरून चालावं लागलं. नाइंगोलानला तळं पुन्हा दिसलं आणि तिथून तिची ओळखीची माती सुरू झाली, आंब्याची झाडं, उतारावरचे कांद्याचे वाफे, सुकत घातलेली बारीक मासळी. ओनान रुंगूजवळच्या सोसोर पासिर या तिच्या गावात ते पोचले तेव्हा ऊन घरांच्या उंच टोकांवर चढलं होतं.

भावाच्या, पार्लिनच्या घरात माणसं दुपारपासून बसून होती. डुकराचं मटण गार झालं होतं आणि काका तापले होते.

"हे वेळेवर येणं झालं का?"

"गाडी पंक्चर झाली," मारोलोप म्हणाला.

लमरियाला भावजयीने आत नेऊन पाणी दिलं. मग ती चटईवर येऊन बसली, पण नवऱ्याच्या बाजूला की भावाच्या, हे तिला कळेना. शेवटी दाराजवळ बसली. थोरले काका रीतीचं बोलू लागले. त्यांचा आवाज अशा वेळी चर्चमधल्यासारखा होई.

"मान्यवर सोयऱ्यांनो, आमच्या भावाने तुमच्या अंगणातून एक फूल मागून नेलं होतं. आम्ही त्याला पाणी घातलं, जपलं. पण फुलाला फळ धरलं नाही. यात कोणाचा दोष नाही. आज ते फूल..."

"फूल?" पार्लिन म्हणाला. त्याला गप्प बसवत नव्हतं. "एकोणीस वर्षं तुमच्या कांद्यात राबवलीत तिला. फुलाला नांगराला जुंपतात काय हो तुमच्याकडे?"

"लाए, सोयऱ्यांशी आम्ही भांडायला आलो नाही."

"आलात तरी चालेल. माझी तयारी आहे."

मोठ्यांनी पार्लिनला खाली बसवलं. काकांनी घसा साफ केला. "तर, फुलाला फळ..."

"धरलं होतं," लमरिया म्हणाली.

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"धरलं होतं फळ. मुलगा होता. पोल्ताक त्याचं नाव."

"कोण पोल्ताक?" धाकटे काका म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "अगं, ते... ते पोर मोजत नाहीत, बाई. त्याला नाव कुठे ठेवलं होतं?"

लमरिया मारोलोपकडे बघत होती. घरातले सगळेच आता त्याच्याकडे बघत होते. कोपऱ्यात कोणाचं तरी तान्हं कुरकुरलं, त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं.

"ठेवलं होतं," मारोलोप म्हणाला. आवाज एवढा बारीक, की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं. मग तो पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला, "मी ठेवलं होतं. माझा मुलगा होता तो. हिला झालेला."

लमरियाला क्षणभर वाटलं, की आता तो उठेल. पण तेवढंच बोलून त्याचं बळ सरलं होतं. तो चटईकडे बघू लागला. मग कोणीतरी खाकरलं, थोरल्या काकांनी राहिलेली वाक्यं घाईने उरकली, मटणाचे वाटे झाले, तांदळाची पाटी पुढे सरकली. पार्लिनने मूठभर तांदूळ घेऊन बहिणीच्या डोक्यावर ठेवले, जीव घट्ट राहावा म्हणून ठेवतात तसे. दाणे तिच्या केसांतून घरंगळून मांडीवर पडले. फळ धरलं नाही हे वाक्य मात्र काकांनी पुन्हा उच्चारलं नाही. एवढं एक तिच्या पदरात पडलं.

काका गावातच राहून सकाळच्या नावेने जाणार होते. मारोलोपला कोणी राहा म्हटलं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत लमरिया त्याच्याबरोबर चालत गेली. उजेड अजून होता.

"नाइंगोलानला मुक्काम कर," ती म्हणाली. "वर माळावर जाऊ नकोस."

"नाही जात."

"मागच्या चाकातली हवा बघून घे."

"हो."

तिने पिशवीतली भुईमुगाची पुडी काढून त्याच्या शर्टाच्या खिशात घातली. त्याने तिचं मनगट धरलं, एकदाच दाबलं आणि सोडून दिलं. गाडी आंब्याच्या झाडांमागे गेल्यावरही आवाज येत राहिला. किनाऱ्याची वाट वाकडीतिकडी, त्यामुळे मधेच आवाज नाहीसा व्हायचा आणि पुन्हा जवळ आल्यासारखा यायचा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती थांबून राहिली, पण मग नुसतं पाणीच वाजत होतं.

*

जूनमध्ये मारोलोपचं रुस्तीशी लग्न झालं. पाद्रीबाबांनी वर्षभर त्याचं नाव चर्चच्या यादीतून काढलं आणि मग पुन्हा घातलं. पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली असं लमरियाला मासळीवालीकडून कळलं. मुलगा झाला का, हे मासळीवालीला विचारायचं धाडस तिला पुढे कधी झालं नाही. भावाच्या घरी तिला कोणी उणं बोललं नाही. ती कांदे लावी, शुक्रवारी ओनान रुंगूच्या बाजारात विके. पहिलं वर्षभर मोटारसायकलचा आवाज आला की तिचं खुरपं थांबायचं. नंतर गाड्या इतक्या वाढल्या, की थांबून परवडेना.

चार वर्षांनी एका शुक्रवारी ती बाजारात तराजू लावून बसली होती आणि समोर मारोलोप उभा होता. नावेने आला होता. वाळला होता, कानशिलं पांढरी झाली होती. त्याच्या बोटाला तीनेक वर्षांची मुलगी, केसांची एक वेणी सुटलेली, नाक लाल.

"बरी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"आई गेली."

"कळलं. निरोप आला नाही."

"पाठवायला पाहिजे होता," तो म्हणाला.

मुलगी रडायच्या बेतात होती. लमरियाने तिला हाताने जवळ ओढलं, मांडीत बसवलं आणि सुटलेली वेणी घालू लागली. केस पातळ होते, मऊ, घामाने ओले. पोरगी आधी ताठ बसली, मग हळूच पाठ टेकली. वेणी झाल्यावर तिने मान वर करून लमरियाच्या तोंडाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"हिला काय म्हणू?"

मारोलोपने इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला माणसं होती, कांदे घेणारी, मासळीचा भाव करणारी. लमरियाने त्याला वेळ दिला. मग तोच म्हणाला, "नांबोरू म्हण."

नांबोरू म्हणजे आत्या. बापाची बहीण.

"नांबोरू," पोरगी म्हणाली.

"काय गं," लमरिया म्हणाली.

तिने शेजारणीकडून एक आंबा घेऊन पोरीच्या हातात दिला. पोरीने तो गालाला लावला. नावेचा भोंगा झाला तेव्हा मारोलोपने मुलीला उचलायला हात पुढे केले, पण पोरीने लमरियाचं बोट मुठीत धरलेलं होतं ते सोडेना. लमरियाने तिची बोटं एक एक करून सोडवली, आणि पोरगी त्याच्या खांद्यावरून मागे बघत, आंबा छातीशी धरून, धक्क्याकडच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

उरलेले कांदे लमरियाने कोणी मागितले त्या भावाला दिले आणि लवकर घरी आली. चुलीपुढे बसली, पण तिला काडी ओढता येईना. भावजयीने तिच्या हातातून काड्यांची पेटी काढून घेतली आणि चूल पेटवली. त्या दिवशीचा स्वयंपाक तिनेच केला. लमरियाला तिने काही विचारलं नाही, फक्त जेवायच्या वेळी मुलांना दटावून दुसऱ्या खोलीत बसवलं.